टँकरच्या पाठीवरचा आकडा

आग्रा रोडला ज्यांची शेतं लागून आहेत त्यांना टँकर नवीन नाही. रात्रंदिवस ते आपल्या बांधावरून जातात. त्यांच्या पाठीवर आणि कुशीला एक पाटी असते. तिच्यावर चार आकडी नंबर असतो, तो गाडीचा नंबर नव्हे, आतल्या मालाचा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. १८३० हे गंधकाचं तेजाब, १०१७ क्लोरीन. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी १९५६ साली धोक्याच्या मालाच्या वाहतुकीसाठी शिफारशी काढल्या, त्याच कामातले हे आकडे. माल जर्मनीत असो की मालेगावात, आकडा एकच.

हा आकडा आपल्या रस्त्यावर कसा आला ते सांगतो. मी १९८३ पासून अठरा वर्षं टँकरवर होतो. आधी किन्नर, मग डायवर.

दहावी झालो १९७७ साली. घरी सात एकर कोरडवाहू, भाऊ चार, विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत. म्हणून गाडीवर गेलो. मुंबईला माहुलकडं गाडी भरायची, कसारा घाट चढायचा, नाशिक, धुळे, कधी पार इंदूरपर्यंत जायचं. बारा हजार लिटरची टाकी, आत कप्पे. भरायला लागताना आधी अर्थिंगची तार जोडायची, कारण तेल पाइपातून पळतं तेव्हा त्याच्या अंगात वीज साठते आणि एका ठिणगीनं सगळं संपतं. काडीपेटी फाटकावरच काढून घेत.

त्या काळी शिकवायला शाळा नव्हती, वस्ताद होता. माझा वस्ताद अंगठेबहाद्दर, पण त्याचं एकेक वाक्य लाख मोलाचं. तो म्हणायचा, "पोरा, पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. आन ती वाफ धुरासारखी वर जात नाही. पाटाच्या पाण्यासारखी सखल बघून पळती." पुढं म्हणायचा, "भरल्या गाडीपरीस रिकामीला जास्त भ्यायचं." रिकाम्या टाकीत तेल नसतं पण वाफ भरलेली असते, हे मला पुढं क्लासात कळलं. वस्तादाला ते कुणी न सांगता माहीत होतं.

पण सगळेच असे नव्हते. तेजाबाच्या गाडीवरच्या कितीक डायवरांना माल कोणता ते सुद्धा धड ठाऊक नसायचं. "तेजाब है" एवढंच. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सीटखाली. तेजाब सांडलं तर आपला माणूस पहिल्यांदा पाण्याची बादली घेऊन धावणार. गंधकाच्या तेजाबावर बादलीभर पाणी पडलं की ते उकळून अंगावर उडतं. हे सांगणार कोण?

मग भोपाळ झालं. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र. तो कारखाना होता, टँकर नव्हता. पण हजारो माणसं मेली ती हवेत काय आहे हे न कळता. कुठल्या दिशेनं पळावं, तोंडाला ओलं फडकं लावावं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर सरकार हललं. १९८६ ला पर्यावरणाचा कायदा आला. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम आले, त्यात धोक्याच्या मालाची कलमं पडली. गाडीवर पाटी पाहिजे. पाटीवर मालाचं नाव, आकडा, धोक्याचं चौकटचित्र आणि फोन नंबर पाहिजे. माल पाठवणाऱ्यानं लेखी सूचना द्यायच्या, डायवरनं त्या केबिनमध्ये हाताशी ठेवायच्या.

१९९३ च्या दुरुस्तीनं आणखी एक अट आली. असा माल नेणाऱ्या डायवरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं पाहिजे. माझी दहावी तेव्हा कामाला आली. बरोबरीचे काही चांगले हात मात्र घरी बसले. गाडीवर त्यांचा हात माझ्याहून सरस होता, पण त्यांना अक्षर नव्हतं. वाईट वाटलं. तरी अट चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

त्या तीन दिवसांत पाटी वाचायला शिकलो. पेट्रोलच्या पाटीवर ३ वाय ई असं असतं. ३ म्हणजे फेस मारून विझवायचं. वाय म्हणजे माल गटारीत, ओढ्यात जाऊ द्यायचा नाही, तिथंच अडवायचा. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. डायवर बेशुद्ध पडला तरी पाटी बोलते. पण ऐकणारा पाहिजे.

ते मला गावी परत आल्यावर पटलं. २००८ च्या पावसाळ्यात आमच्या शिवारात पेट्रोलचा टँकर पलटी झाला. डायवर उत्तरेकडचा पोरगा, डोकं फुटलेलं, बोलायच्या स्थितीत नव्हता. माझ्या आधी गाव पोचलं होतं. कॅन, हंडे, कळशा. मी लांबूनच १२०३ वाचलं आणि ओरडत सुटलो. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, फुकटचं चाललंय, दोन कॅन भरू दे की." म्हटलं, "कॅन टाक आन पोरांना घेऊन वाऱ्याच्या वरल्या अंगाला हो. खालच्या मळ्यातल्या मोटारी कुणी चालू-बंद करायच्या नाहीत, स्टार्टरची ठिणगी पुरती." बिड्या विझवल्या. हायवेची वाहतूक दोन्हीकडून थोपवली. मग चौघे जण वरून वळसा घालून खूप खाली गेलो आणि ओढ्याच्या तोंडाला मातीचा बांध घातला. पाणी वळवायला शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. बंब आला, फेस मारला, पेटलं नाही. एका विहिरीला मात्र पुढचा उन्हाळाभर वास येत होता.

पेटलं असतं तर काय, ते २०१७ साली कळलं. पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्कीया इथं २५ जूनला, ईदच्या आदल्या दिवशी, असाच टँकर उलटला. तिथंही गाव कॅन घेऊन धावलं. दोनशेच्या वर माणसं गेली. केरळात कन्नूरजवळ चाला इथं २०१२ च्या ऑगस्टमध्ये गॅसचा टँकर फुटला. तिथं कुणी भरायला गेलं नव्हतं, घरात होती ती माणसं. वीसएक गेली.

नियमानं डायवरला शिकवलं, पोलिसाला, बंबवाल्याला शिकवलं. पण टँकर उलटला की सगळ्यात आधी पोचतो तो शेजारच्या मळ्यातला माणूस, आणि त्याच्यासाठी कुठंच क्लास नाही. मी ग्रामसभेत हे बोललो. पैसे काही मंजूर झाले नाहीत, पण गुरुजींनी ऐकलं. शाळेच्या भिंतीवर पाढ्यांच्या खाली आता पाच आकडे रंगवलेत, प्रत्येकापुढं मालाचं नाव आणि "लांब राहा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा" असं लिहिलंय. गावात अजून कॅन भरायची हौस असलेले आहेत. त्यांची पोरं मात्र हायवेला उभी राहून टँकर मोजतात आणि घरी येऊन सांगतात, आज १२०३ किती गेले न् १०७५ किती.