कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉर्मेट मारण्याआधी हे तपासा

लासलगावातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात कांद्याच्या खळ्याचा हिशोब जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ठेवला जायचा. एप्रिलमधली गोष्ट. रात्री लाइट गेली, सकाळी आली. बटण दाबलं तर पंखा फिरला, कंपनीचा लोगो आला आणि पुढे काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. अब्बूंनी मुलाला सांगितलं, जा, दुरुस्त करून आण. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू होऊन घरी आला. विंडोज नवं कोरं, पडदा स्वच्छ. तीन वर्षांचा हिशोब आणि मरहूम दादाजानचे फोटो मात्र त्यात नव्हते. महिनाभराने पुन्हा लाइट गेली, पुन्हा तोच प्रकार, आणि या वेळी कुणाचं तरी लक्ष गेलं की घड्याळातली तारीख कितीतरी वर्षं मागे गेली आहे. दोष आतल्या रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा होता. विंडोजला पहिल्या वेळीही काही झालं नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू होत नाही याचा अर्थ आतली माहिती गेली असा नसतो. माहिती हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असते, आणि सुरू न होण्याची बरीच कारणं तिच्या बाहेरची असतात. माहिती जाते ती घाईने केलेल्या फॉर्मेटमुळे. म्हणून आधी गाडी नेमकी कुठे अडली आहे ते बघायचं. बटण दाबल्यावर काहीच होत नाही? पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो? लोगो येतो आणि पुढे जात नाही? की विंडोज सुरू होता होता परत फिरतं? प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. दुकानदाराला फोन करताना "चालू होत नाही" एवढंच न सांगता यातलं नेमकं काय घडतंय ते सांगितलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

काहीच हालचाल नसेल तर सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून सरळ भिंतीत पिन लावा. कॅबिनेटच्या मागे जिथे वायर लागते तिथे एक छोटं बटण असतं, झाडलोट करताना ते दाबलं जातं. यूपीएस असेल तर तो बाजूला ठेवून बघा. त्याची बॅटरी बसली की तो नुसता टूं टूं करतो आणि आपण दोष कॉम्प्युटरला देतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा. ऐकायला टोटका वाटतो, पण आत अडकून राहिलेला विजेचा भार यामुळे निघून जातो आणि बऱ्याचदा लॅपटॉप उठतो.

एवढं करूनही काही नाही, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. म्हणजे कॅबिनेटमधला वीज देणारा डबा. लाइट परत येताना व्होल्टेज वरखाली होतं, त्याचा पहिला मार हाच खातो. आत पाल शिरून जळाल्याचेही प्रकार आपल्याकडे होतात. हा डबा घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. तो बदलायचा असतो, आणि बदलताना हार्ड डिस्कला हात लावायची काहीच गरज नसते. पुढच्या वेळेसाठी साधी काळजी: लाइट गेली की बोर्डावरचं बटण बंद करा, आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून लावा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग ठीक नाही, त्यासाठी वायरमनला बोलवा.

पंखा फिरतोय पण पडदा काळा, अशा वेळी आधी मॉनिटरकडे बघा. त्याचा स्वतःचा दिवा लागलाय का, वायर दोन्ही बाजूंनी घट्ट आहे का? लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर एचडीएमआय वायरने तो टीव्हीला जोडा. टीव्हीवर सगळं दिसलं तर लॅपटॉप जिवंत आहे, फक्त पडद्याचा दोष आहे. मॉनिटर ठीक असेल आणि आतून बीप बीप आवाज येत असेल तर बहुतेक वेळा रॅम हललेली असते किंवा तिच्या पट्टीवर थर चढलेला असतो. बीपचे अर्थ कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे किती वेळा वाजलं ते मोजून ठेवा, दुकानदाराला उपयोग होतो. पावसाळ्यात हे जास्त होतं. खळ्याजवळच्या ऑफिसात तर वर्षभर, कारण कांद्याचे वाळलेले पापुद्रे आणि त्यांची धूळ हवेबरोबर सरळ कॅबिनेटमध्ये जाते. वायर काढून, आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅम बाहेर काढता येते. सोनेरी पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायची, चुरा झटकायचा आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबायची. दहावीतली मुलगीसुद्धा हे करू शकते. पाण्याचा हात किंवा ओलं फडकं मात्र आत नको. आणि ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते भन्नाट फिरू देऊ नका. कॉम्प्युटर सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत स्वतःच बंद पडत असेल तर कारण बहुतेक हीच धूळ असते. पंखा तुंबतो, प्रोसेसर तापतो आणि तो जळू नये म्हणून मशीन बंद होतं.

आता त्या नाण्याएवढ्या बॅटरीबद्दल, कारण विनाकारण फॉर्मेट होणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये तिचा वाटा मोठा आहे असं आमचं मत आहे. तिच्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं, ती ३ व्होल्टची असते. बोर्डावरचं बटण चालू असतं तोवर मशीनचं घड्याळ मुख्य विजेवर चालतं. बटण बंद केलं किंवा लाइट गेली की ते काम ही बॅटरी करते. आपल्याकडे रात्री बोर्डच बंद करायची सवय, त्यामुळे जुन्या मशीनमधली बॅटरी कधीतरी बसतेच. ती बसली की तारीख मागे जाते आणि तिच्याबरोबर बायोसमधल्या सेटिंगही पुसल्या जातात. विंडोज कोणत्या डिस्कवर आहे, ती डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची, हे त्या सेटिंगमध्ये असतं. ते बदललं की विंडोज धडधाकट असूनही मशीनला सापडत नाही आणि पडद्यावर 'नो बूट डिव्हाइस' अशा अर्थाचं काही तरी येतं. घाईतला माणूस म्हणतो, विंडोज उडालं.

खूण सोपी आहे. सुरू होताना एफ१ दाबायला सांगणारी ओळ येते, किंवा बायोस उघडलं तर तारीख चुकीची दिसते. बायोस उघडायला बहुतेक मशीनवर सुरुवातीला डिलीट किंवा एफ२ दाबावं लागतं. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि स्वस्त असते. ती बदलून तारीख बरोबर करायची आणि डिस्कची पद्धत पूर्वी होती तशी करायची. हे दुसरं काम माहीतगाराकडून करून घ्यावं, पण ते पाच मिनिटांचं आहे. तारीख चुकलेली राहिली तर वेबसाइटही उघडत नाहीत, सुरक्षेचा इशारा येतो. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना "साइट बंद आहे" म्हणून बसून राहण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघून घ्या.

लोगोवर अडलेल्या मशीनला लावलेले पेनड्राइव्ह आणि प्रिंटर काढून एकदा सुरू करून बघा. मग कान देऊन ऐका. हार्ड डिस्कमधून टिक-टिक, खर्रर्र असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, प्रत्येक वेळी सुरू केल्याने तिच्यातलं आणखी काही खराब होऊ शकतं. इथे पहिलं काम दुरुस्तीचं नाही, माहिती बाहेर काढायचं आहे.

विंडोज सुरू होता होता निळा पडदा येऊन परत फिरत असेल तर घाबरू नका. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभरातल्या कॉम्प्युटरचं हेच झालं होतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट चुकलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक चुकीची फाइल काढून टाकायची. एवढ्या मशीन फॉर्मेट करत कुणी बसलं नाही.

तोच सेफ मोड आपल्या घरातल्या विंडोज १० आणि ११ मध्ये आहे. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा अर्ध्यात अडलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे स्टार्टअप रिपेअर आधी चालवून बघा. नाही जमलं तर स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ चा आकडा. सेफ मोडमध्ये मशीन सुरू झालं तर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर काढा. गडबड अपडेटनंतर सुरू झाली असेल तर ते अपडेट मागे घ्यायची सोयही अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच आहे. त्याच पडद्यावर 'रिसेट धिस पीसी' दिसतं, त्याला मात्र सहज बोट लावू नका. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात, आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'चा अर्थ नावातच आहे.

नव्या लॅपटॉपवर कधी कधी ४८ आकडी बिटलॉकर की मागितली जाते, विशेषतः बायोस बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, घरच्यांना पत्ताही नसतो. ती की त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. की नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येणार नाही. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती वहीत उतरवून ठेवा.

एवढं करूनही दुकानात जावं लागलं तर तिथे एक प्रश्न हमखास येतो: "सी मध्ये काही आहे का?" आपण म्हणतो, नाही, सगळं डी मध्ये आहे. इथेच फसगत होते. डेस्कटॉपवर ठेवलेलं, डॉक्युमेंट्समधलं, डाउनलोडमधलं सगळं सी मध्येच असतं. टॅलीचा डेटाही, जागा बदलली नसेल तर, सी मधल्या पब्लिक नावाच्या फोल्डरखाली असतो. त्या खळ्याचा हिशोब तिथेच होता. म्हणून दुकानदाराला सांगायचं: आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा किंवा पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवा, सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आम्हाला उघडून दाखवा आणि मग हवं ते करा. हे जास्तीचे पैसे लागण्यासारखं काम आहे, द्यावेत. फॉर्मेट होऊन गेलाच असेल तर त्या मशीनवर काहीही नवीन टाकू नका. जुन्या हार्ड डिस्कवरून बरंच काही परत मिळू शकतं, एसएसडीवरून मिळणं अवघड असतं.

घरातल्या बायका-मुलींचे फोटो आत आहेत म्हणून लॅपटॉप दुकानात द्यायला अनेकजण कचरतात, आणि ते चूक नाही. एसएमपीएस, रॅम, पडदा, बॅटरी तपासायला पासवर्ड लागत नाही, तो देऊ नका. टेबलावरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क दोन वायर आणि चार स्क्रूंनी बसवलेली असते; ती घरी काढून ठेवून बाकीचा डबा दुकानात नेला तरी यातलं बहुतेक काम होतं.

नवं विंडोज टाकल्यावर श्री-लिपीत टाइप केलेलं जुनं पत्र उघडलं की विचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, तो फॉन्ट गेलेला असतो. फॉन्ट टाकला की मराठी परत येतं. उर्दूतल्या लग्नपत्रिका आणि मदरशाचे कागद इनपेजमध्ये केलेले असतील तर त्यांना इनपेजच लागतं, वर्डमध्ये त्या फाइल उघडत नाहीत. म्हणून मशीन देण्याआधी आपल्याकडे कोणकोणती सॉफ्टवेअर आणि फॉन्ट आहेत ते एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवा. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, म्हणून तुमचं मशीन उठत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. त्या दिवसापासून नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली, मशीन पूर्वीसारखंच सुरू होतं.