भिंतीच्या आतला भाव

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी पॉपकॉर्न आणि पाण्याच्या बाटलीच्या किमतीवर काय बोलावं, असं काहींना वाटलं असेल. वाटू द्या. किमतीचा प्रश्न अर्थशास्त्राकडे गेला तो अगदी अलीकडे. त्याआधी शेकडो वर्षं तो आमच्याच खात्यात होता. तेव्हा आज आपण थोडा इतिहास पाहू, आणि जमलं तर त्या जुन्या प्रश्नाशी येऊन पोचू.

आपण साकीनाक्याला बसलो आहोत, तर सुरुवात इथूनच करू. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर एखाद्या टपरीवाल्याने कटिंग दोन रुपयांनी महाग केली, तर गिऱ्हाईक दहा पावलं पुढे जातं. टपरीवाल्याला ते माहीत असतं, म्हणून तो दहादा विचार करतो. आता याच नाक्यावर मेट्रोत बसा. असल्फा, जागृती नगर, आणि तिसरं स्टेशन घाटकोपर. तिथल्या किंवा कुर्ल्याच्या मॉलमध्ये सिनेमाला जा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन एखाद्या करमणूक उद्यानात जा. माणसं तीच, खिसा तोच. पण दारावर पिशवी तपासली जाते, डबा बाहेर राहतो, आणि आत गेल्यावर दहा पावलं पुढे दुसरी टपरी नसते. असली तरी ती त्याच मालकाची, नाहीतर त्याच्या ठेकेदाराची असते. आजचा सगळा विषय या दहा पावलांचा आहे म्हणा ना.

आपल्याकडे करमणुकीची जुनी जागा म्हणजे जत्रा. डिसेंबरातली माहीमची मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याची जत्रा घ्या, सप्टेंबरातली वांद्र्याची माउंट मेरीची घ्या, प्रभादेवीची घ्या. जत्रेला फाटक नसतं. आत जायला पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसलात तर पाळण्याचे, हलवा-पराठा खाल्लात तर त्याचे. जत्रेतही भाव चढेच असायचे. जागेचं भाडं, चार दिवसांचा धंदा, सगळं त्यातून काढायचं असतं. जत्रा म्हणजे स्वस्ताईचं गाव होतं, असं आपण भाबडेपणाने समजू नये. पण खाज्याची दुकानं एकाला एक लागून असायची, आणि घरून बांधून आणलेली भाकरी कुणी हिसकावून घ्यायचं नाही. उलट वाटेवर पाणपोई असायची. मुंबईत तर श्रीमंत व्यापाऱ्यांनी दगडी प्याऊ बांधून दिले. भात बाजारातलं केशवजी नाईकांचं कारंजं 1876 चं आहे, आजही उभं आहे. गर्दीत माणसाला तहान लागते, आणि ती भागवणं हे पुण्याचं काम, ही त्यामागची समजूत.

जत्रेला भिंत घालायची कल्पना आपल्याकडे तशी नवी. दिल्लीत 1984 साली अप्पू घर सुरू झालं. मुंबईत 1989 मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. सुभाषचंद्र हे तेव्हा टूथपेस्टच्या नळ्या बनवणारे उद्योजक. झी टीव्ही त्यानंतर, 1992 मध्ये. पुढे 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम झालं. तुमच्यापैकी चाळिशी उलटलेल्या कितीतरी जणांची शाळेची सहल तिथे गेली असेल, आणि ते जाहिरातीचं गाणं अजून पाठ असेल. जागा कशी होती ते आठवा. मालाडहून मार्वे, नाहीतर बोरिवलीहून गोराई जेट्टी, मग लाँच. एकदा खाडी ओलांडली की वडापाव खायला कोण परत येतं? भिंतीचं निम्मं काम खाडीच करत होती. (त्याच आवारालगत ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. त्याची जमीनही सुभाषचंद्रांनीच दिलेली. लाँच तीच, प्रवेश मात्र मोफत. एका जागी मन रमवायला पैसे घ्यायचे आणि शेजारी ते आवरायला फुकट, हा योग आम्हाला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.)

पण भिंतीची कल्पना मुळात इथली नाही. ती घडली अमेरिकेत. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. दिवस कडक उन्हाचा, आणि प्लंबरांचा संप नुकताच मिटलेला. वेळ इतका थोडा उरला होता की पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा संडास, यांपैकी एकच काम पुरं होणार होतं. वॉल्ट डिस्नेंनी संडास निवडले. लोक काय म्हणाले? पेप्सी खपावी म्हणून मुद्दाम नळ बंद ठेवले! आरोप खरा नव्हता. तरी तो लगेच सुचला, याकडे लक्ष द्या. भिंतीच्या आत तहान लागली की माणसाला आपण अडवले गेलो आहोत याची जाणीव पहिल्याच दिवशी झाली.

त्या काळी डिस्नेलँडमध्ये दाराचं तिकीट वेगळं आणि खेळांची तिकिटं वेगळी असत. त्यावर वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. त्याचा प्रश्न साधा. उद्यानाच्या मालकाने पैसे दारावर घ्यावेत की आत? त्याचं उत्तर थोडक्यात असं, की सगळी गिऱ्हाइकं सारखी असतील तर दारावर भरपूर घ्यावं आणि आतले खेळ जवळजवळ खर्चाच्या भावात द्यावेत. खेळांच्या बाबतीत जग त्याच वाटेने गेलं. डिस्नेलँडने 1982 मध्ये खेळांची वेगळी तिकिटं बंद केली. आपल्याकडेही एकदा तिकीट काढलं की बहुतेक खेळ मोकळे असतात.

मग खाणं का महागलं? कारण गिऱ्हाइकं सारखी नसतात. दारावर फार भाव लावला तर साकीनाक्याचं कुटुंब येणारच नाही. शाळा, कंपन्या, गट यांना तिकिटात सूट द्यावी लागते. तेव्हा तिकीट जमेल तितकं आवाक्यात दाखवायचं आणि आतल्या थाळीवर भरून काढायचं. ज्याच्याकडे पैसा आहे तो तीनदा खाईल, दुसरा पोरांपुरतं घेईल. म्हणजे थाळी हे माणसाचा खिसा मोजायचं माप झालं. शिवाय अशा जागी माणूस वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतो. टपरीवाल्याला उद्याचं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. उद्यानाला तशी ओढ कमी.

यात सरकारचाही हात आहे, आणि तो कुणी पाहत नाही. मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा 1923 सालचा. कर कशावर? प्रवेशाच्या पैशावर. भज्यांवर नाही. करमणूकवाल्यांना तेव्हापासून एक धडा मिळाला, की दारावर घेतलेल्या रुपयात सरकार वाटेकरी असतं, आतल्या रुपयात त्या मानाने कमी. सिनेमात तर आणखी एक वाटेकरी, वितरक. तिकिटाच्या पैशात त्याचा हिस्सा, समोशात नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, करमणूक उद्यानांच्या तिकिटावर 28 टक्के बसले, ते जानेवारी 2018 मध्ये 18 वर आले. खाण्यावर नोव्हेंबर 2017 पासून सर्वसाधारण उपाहारगृहांना 5 टक्के. आता या 5 टक्क्यांत मालाच्या खरेदीवर भरलेला कर वळता होत नाही, हे उद्यानवाले सांगतील, आणि ते बरोबर आहे. पण एकूण कल कुठे जातो ते उघड आहे.

उद्यानवाल्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका उभं राहिलं, अ‍ॅडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींचं. कंपनी 2015 मध्ये शेअर बाजारात आली, कर्जाखाली दबली, आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. एस्सेल वर्ल्ड बंद पडलं. ज्या धंद्यात शनिवार-रविवार आणि मे महिना सोडला तर पाळणे रिकामे फिरतात, त्या धंद्यात कुणी सोन्याच्या विटा रचतंय असं म्हणता येत नाही. खाण्याचा भाव हा अनेकदा त्या रिकाम्या पाळण्यांचा खर्च असतो.

तरी लोकांना राग येतो, आणि महाराष्ट्रात तो 2018 मध्ये उफाळला. निमित्त उद्यानाचं नव्हतं, मल्टिप्लेक्सचं होतं, पण भिंत तीच. एका ज्येष्ठ नागरिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आतल्या भावांबद्दल सरकारला विचारणा केली. बाहेरचं खाणं आणायला बंदी करणारा नियमच कुठे नाही, हा याचिकेचा मुद्दा. जूनच्या अखेरीस पुण्यात मनसेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला मारहाण केली. भाव आपण ठरवला नाही, तो ठरवणाऱ्याला आपण कधी भेटणारही नाही, अशा पगारी माणसावर हात टाकणं यात आम्हाला काहीही शौर्य दिसत नाही. जुलैत राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी विधान परिषदेत सांगितलं की बाहेरचे पदार्थ नेता येतील. महिना उलटायच्या आत सरकारने न्यायालयात वेगळा सूर लावला, सुरक्षेचं कारण पुढे केलं, आणि हस्तक्षेपाची गरज नाही असं म्हटलं.

आता आमच्या खात्याकडे येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 एवढा नफा व्यापाऱ्याला मान्य केला आहे. त्यापुढे गेल्यास दंड. हा राज्याचा मार्ग. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दुसऱ्या बाजूने विचार केला. तो म्हणतो, वस्तू दिल्याने विकणाऱ्याचं नुकसान होत असेल तर त्याने जास्त मागावं, त्यात गैर नाही. पण घेणाऱ्याला तिची फार गरज आहे एवढ्याच कारणाने भाव वाढवू नये. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जी गोष्ट तुमची नाही ती तुम्ही विकू शकत नाही. आमच्या मते या विषयावर इतकं नेमकं बोट पुढे फार थोड्यांनी ठेवलं. उन्हात चार तास रांगेत उभ्या राहिलेल्या पोराची तहान कुणाच्या मालकीची? आणि इथे तर गोष्ट आणखी पुढची आहे. गरज नुसती सापडलेली नाही, दारावर बाटली काढून घेऊन ती काही अंशी तयार केलेली आहे.

पण मग ‘बाहेरचा भाव तो खरा भाव’ असं आपण म्हणायचं का? थांबा. 18 डिसेंबर 2017. याच साकीनाक्यात, खैराणी रोडवर, फरसाणाच्या दुकान-कारखान्याला पहाटे आग लागली. 12 कामगार गेले. आत झोपलेले होते. कामाची जागा आणि निजायची जागा एकच. आपण ज्याला स्वस्त खाणं म्हणतो ते या गल्ल्यांतल्या असल्या गाळ्यांतून येतं. त्या पाकिटावरच्या किमतीत अग्निशमनाचा खर्च, दुसरा जिना, झोपायला वेगळी खोली यांपैकी किती होतं? बाहेरचा भाव इतका कमी का, हा प्रश्न आपण उद्यानाच्या दारावर कधी विचारत नाही. आत एक जण आपल्याला अडवून जास्त घेतो. बाहेर कधी कधी आपणच दुसऱ्याच्या अडचणीवर स्वस्तात खातो. दोन्ही ठिकाणी भाव कुणाच्या तरी लाचारीवर उभा आहे, म्हणून दोघांना एकाच मापाने मोजायला हवं.

त्याच डिसेंबरात, 12 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की हॉटेलं-उपाहारगृहं बाटलीबंद पाणी छापील किमतीहून जास्त भावाने देऊ शकतात. तिथे गिऱ्हाईक नुसतं पाणी नाही, बसायची जागा आणि सेवाही घेतं. 1 जानेवारी 2018 पासून एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन छापील किमती छापायला मनाई झाली. नियम चांगला. पण कागदी पेल्यात ओतलेल्या पेयावर छापील किंमत कुठून येणार? पेला आला आणि नियम दाराशीच राहिला.

मग 3 जानेवारी 2023 चा निकाल. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने बाहेरच्या खाण्यावरची बंदी उठवली होती, ती उठवणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. चित्रपटगृह खासगी मालमत्ता आहे, अटी मालकाने घालाव्यात, पटत नसेल तर प्रेक्षकाने येऊ नये. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सुनावणीत जिलबीचं उदाहरण दिलं: कुणी जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचा खर्च कुणी करायचा? मात्र दोन गोष्टी न्यायालयाने बाजूला काढल्या. पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत द्यायचं, आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवायचं नाही. म्हणजे पॉपकॉर्न बाजाराचं, पाणी माणसाचं. पाणपोईची जुनी समजूतच इथे कायद्याच्या भाषेत परत आली, असं आम्ही म्हणू.

आणि अडवलेल्या गिऱ्हाइकाला रास्त भावात देता येतच नाही, हे खरं नाही. रेल्वेचा फलाट ही काय कमी बंदिस्त जागा आहे? तिथे रेल नीरची बाटली कितीतरी वर्षं 15 रुपयांना मिळत राहिली. आपल्या डोक्यावरून इथे विमानं उतरतात. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये सरकारी उपाहारगृह उघडलं, चहा 10 रुपये, पाणी 10 रुपये. जवळ महागड्या कॉफीची दुकानंही चालूच आहेत, आणि कुणाचं दिवाळं निघाल्याचं ऐकिवात नाही.

उद्यानांपुरतं पाहिलं तर 2023 चा निकाल चित्रपटगृहांचा आहे, तो जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे सिनेमासारखे तीन तास नसतात, सकाळी दहा ते संध्याकाळी सात असा अख्खा दिवस असतो, ऊन असतं, पाण्यात खेळून भूक लागलेली पोरं असतात. न्यायालयापुढे हा फरक नीट मांडला पाहिजे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना नव्याने आली आहे, आणि तिकिटामागच्या बारीक अक्षरांतल्या अटी तिच्या कसोटीला लावून बघता येतील. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. साठ रुपयांच्या पाण्याच्या बाटलीसाठी एकटा माणूस तिथवर जाणार नाही, हे उद्यानवाल्यालाही ठाऊक आहे. ग्राहक संघटनांनी किंवा सहली नेणाऱ्या शाळांनी मिळून जायला हवं. शाळांच्या हातात तर त्याहून सोपी गोष्ट आहे. दोनशे मुलांचं तिकीट ठरवताना सवलतीची घासाघीस होतेच. त्याच वेळी पाण्याचे नळ किती आणि डबा आत चालेल का, हेही लिहून घ्यायचं.