सुट्या भागांची गाडी

कवीला भाषणाला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं आपण धरून चालतो. मी आज एका खेळण्यावर बोलणार आहे. ते रेडिओवर चालतं, एवढा आधार त्याला आकाशवाणीवर घेऊन यायला मला पुरेसा वाटतो. दुसरं कारण घरगुती आहे. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात हे खेळणं चोवीस वर्षं पडून होतं. पूर्ण जोडलेलं, आणि एकदाही न चाललेलं.

खेळणं म्हणजे हातभर लांबीची पिकअप गाडी. सोललेल्या नारळाएवढी चाकं. वाळूत, गवतात, दगडधोंड्यांत चालावी अशी बांधणी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने ती १९८६ मध्ये बाजारात आणली. नाव ‘ब्लॅकफूट’. पण खोकं उघडलं तर आत गाडी नसते. प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले सुटे भाग, स्क्रूंच्या पिशव्या, एक मोटर आणि एक चित्रमय पुस्तिका, एवढंच. गाडी तुम्ही करायची. माणसं पैसे मोजून एक अपुरं काम घरी घेऊन जातात, याचं मला फार दिवस नवल वाटत असे. म्हणून या धंद्याचा इतिहास शोधत गेलो, तो लाकडाच्या एका वखारीपाशी जाऊन पोहोचलो.

शिझुओकाच्या पाठीशी डोंगर आणि डोंगरात जंगल. तोकुगावांच्या काळात तिथलं सेंगेन देवस्थान बांधायला सुतार, रंगारी, लाखकाम करणारे कारागीर आले आणि मग तिथेच राहिले, असं त्या शहरातले लोक अभिमानाने सांगतात. १९४५ च्या जूनमध्ये, १९ आणि २० तारखेच्या मधल्या रात्री, अमेरिकन विमानांनी हे शहर जाळलं. पुढच्याच वर्षी योशिओ तामिया नावाच्या गृहस्थांनी तिथे लाकूड कापण्याचा कारखाना काढला. जळलेल्या शहरात लाकडाला मागणी असणारच. कारखान्याच्या एका बाजूला लाकडाची छोटी जहाजं आणि विमानं होऊ लागली. मुलांनी ती तासायची, घासायची, चिकटवायची. १९५३ मध्ये इमारती लाकडाचा व्यवसाय बंद झाला आणि कंपनीने सारी भिस्त या खेळण्यांवर ठेवली.

तेवढ्यात परदेशातून प्लास्टिकचे संच येऊ लागले. त्यांच्यापुढे लाकडाची जहाजं ओबडधोबड दिसायला लागली. योशिओंचे चिरंजीव शुनसाकू नुकतेच पदवी घेऊन धंद्यात आले होते. तामियांनी साचे करण्यासाठी मोठा खर्च केला आणि १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचा प्लास्टिकचा पहिला संच काढला. दुसऱ्या एका कंपनीचा यामातो त्याआधीच स्वस्तात मिळत होता. तामियांना किंमत उतरवावी लागली आणि खर्चसुद्धा निघाला नाही. वखार गेलेली, प्लास्टिकात हात पोळलेला. त्या घरात तेव्हा रात्री काय बोलणं होत असेल, याची कल्पना ज्याच्या घरी धंदा बुडालेला आहे त्याला करता येईल.

त्यांना तारलं एका रणगाड्याने. १९६१-६२ च्या सुमारास त्यांनी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा संच आणला. खोक्यावर शिगेरु कोमात्सुझाकी यांनी काढलेलं चित्र होतं आणि आत मोटर. रणगाडा चालायचा! आता गंमत ऐका. हा रणगाडा मूळच्या एक पस्तीसांश आकाराचा होता. पुढे साऱ्या जगात रणगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी हेच प्रमाण रूढ झालं. त्यामागे कोणतंही शास्त्र नव्हतं. मोटर आणि दोन सेल पोटात मावतील एवढं धूड करायचं, मग ते मूळच्या कितवा भाग आहे ते मोजायचं. एक पस्तीसांश निघालं, तेच छापलं. एका सेलच्या जाडीने जगभरच्या हौशी माणसांना कायमचं माप घालून दिलं. इतिहासात मोठी माणसं निर्णय घेतात असं आपण शाळेत शिकतो. कधी कधी तो निर्णय बॅटरीही घेते.

शुनसाकू तामिया मापाच्या बाबतीत हट्टी होते. १९७० च्या दशकात पोर्शे गाडीची प्रतिकृती करायची ठरली, तेव्हा त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. हा खर्च वसूल कसा व्हायचा? त्याच प्रतिकृतीच्या पोटात त्यांनी रेडिओवर चालणारी यंत्रणा बसवली. १९७६ मध्ये आलेली ही पोर्शे ९३४ म्हणजे तामियांची रेडिओवर चालणारी पहिली मोटार.

रेडिओने दुरून वस्तू चालवण्याची कल्पना मात्र फार जुनी. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव बिनतारी चालवून दाखवली. ही विद्या पोराटोरांच्या हातात यायला मधे पाऊणशे वर्षं गेली. ट्रान्झिस्टरने यंत्र लहान केलं आणि पुन्हा पुन्हा भारता येणाऱ्या निकेल-कॅडमियम सेलने मोटरीला दम दिला, तेव्हा कुठे ते जमलं.

पोर्शे धावायची ती गुळगुळीत फरशीवर. अशी फरशी किती मुलांच्या घरासमोर असते? कॅलिफोर्नियात तरुण मंडळी फोक्सवॅगन बीटल कापून-सांधून वाळूत पळवत होती. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून अशा गाड्यांची शर्यतही भरत होती. तामियांनी तिकडे पाहिलं आणि १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन गाड्या आणल्या. धूळ-पाणी शिरू नये म्हणून रेडिओ बंद डबीत ठेवलेला. खेळणं घराबाहेर पडलं. १९८१ मध्ये टोयोटा हायलक्सची प्रतिकृती आली. तिला धातूची चॅसी, खऱ्या ट्रकसारख्या पाट्यांच्या कमानी, तीन गिअर आणि चारही चाकांना जोर. खेळणं म्हणायला जीभ रेटत नाही. पुढे अमेरिकेत अवाढव्य चाकांच्या ट्रकचं वेड आलं आणि त्या लाटेत ‘ब्लॅकफूट’ निघाली. शर्यती जिंकायला अमेरिकन कंपन्यांच्या हलक्या, चपळ गाड्या होत्या. या ट्रकचं काम गवतात लोळायचं, उलटायचं आणि पुन्हा उठायचं.

आता आमच्या घरी येऊ. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाई म्हणतो, कुवेतमध्ये एका कंपनीची हायलक्स चालवत. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांचं जसं असतं तसंच आमचं होतं. चूल तिकडच्या दिनारवर पेटायची आणि माझी बी.ए.ची फीसुद्धा तिकडूनच यायची. १९८८ च्या पावसाळ्यात भाई दोन महिन्यांच्या सुटीवर आले, ते हा खोका घेऊन. त्यांना हायलक्सच हवी होती, ती मिळाली नाही. ‘फोर्ड तर फोर्ड, पिकअप आहे ना!’ असं म्हणून त्यांनी ही उचलली. मी एकोणीस वर्षांचा, नुकत्याच कविता करायला लागलेला. खेळण्याचं वय माझं नव्हतं, त्यांचं तर नव्हतंच.

रात्री जेवणं झाली की पडवीत चटई पसरायची. वीज गेली की कंदील. आईच्या दोन ताटल्या स्क्रूंसाठी घेतलेल्या. पुस्तिकेत स्क्रूची चित्रं खऱ्या लांबीची छापलेली असतात. हातातला स्क्रू चित्रावर आडवा ठेवून पाहायचा, जुळला तर तोच. भाषा येत नसली तरी अडत नाही. भाई इंग्रजी फारसे शिकलेले नव्हते. त्या पुस्तिकेपुढे आम्ही दोघे सारखेच निरक्षर किंवा सारखेच साक्षर होतो. डिसमिस त्यांच्या हातात, वाचन माझ्याकडे. गिअरबॉक्समध्ये ग्रीस बोटाने लावताना त्यांनी मला डिफरन्शियल समजावून सांगितलं. बैलगाडीचं प्रत्येक चाक आसावर आपापलं सुटं फिरतं, म्हणून वळणावर तिला अडचण नाही. मोटारीत एकाच इंजिनने दोन्ही चाकं फिरवायची, आणि वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो. मग आत अशी दातेरी चाकं घालायची, की एक मागे राहिलं तर दुसऱ्याला पुढे जाता यावं. वर्षानुवर्षं ते ज्या वस्तूवर बसून पोट भरत होते, तिचं पोट त्यांनी मला पडवीत उघडून दाखवलं.

एक गोष्ट मात्र राहिली. पुस्तिकेच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की गाडी जोडण्याआधी रेडिओ जोडून तपासा, सगळं मध्यावर आणा, मग पुढे जा. पण या संचात रेडिओ येतच नाही. ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर सगळं वेगळं घ्यायचं. भाईंनी ते मुद्दाम आणलं नव्हतं. विमानतळावर बिनतारी यंत्र सापडलं तर जाब कोण देणार? आपल्याकडे १९३३ सालचा वायरलेसचा कायदा होता. साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, ते दिवस सरून फार काळ झाला नव्हता. तेव्हा ती पानं आम्ही उलटली आणि पुढे गेलो. गाडी पूर्ण झाली. आत रेडिओची जागा तेवढी रिकामी. ‘पुढच्या खेपेला आणतो,’ भाई म्हणाले.

त्या रिकाम्या जागेत काय बसणार, हे मी नंतर वाचून काढलं. ट्रान्समीटर ठोक्यांची माळ पाठवतो, सेकंदाला साधारण पन्नास वेळा. सर्व्हो नावाची लहानशी मोटर प्रत्येक ठोका किती लांब आहे ते पाहते. दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाकं सरळ. एकाच्या जवळ गेला तर एका बाजूला, दोनच्या जवळ गेला तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे लघू-गुरूचा हिशेब! वृत्त सांभाळताना आम्ही बोटांवर जे करतो तेच. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सांगायला भाई जवळ नव्हते.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढे कित्येक आठवडे पत्र नाही, फोन नाही. आमच्या गावात घरोघरी रेडिओला कान लावून माणसं बसत. भाई बगदादमार्गे बसने जॉर्डनमध्ये अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांवर माणसं मायदेशी आणली गेली. भाई त्यांतले एक. हातात एक पिशवी. त्यांची हायलक्स सैनिकांनी नेली होती. घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, ‘तुझा रेडिओ घेऊन ठेवला होता रे. खोलीत खाटेखाली राहिला.’

ते परत गेले नाहीत. दापोली-खेड रस्त्यावर टेम्पो चालवला, मुलांना शिकवलं. माझं बी.ए. झालं, त्यापुढचं शिक्षण राहिलं. त्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही. गाडी माळ्यावर गेली.

२०१२ च्या डिसेंबरात पुतण्या सुटीला आला. त्याला माळ्यावर ती सापडली. एव्हाना रेडिओही बदलले होते. आमच्या काळी दोन गाड्या एकाच लहरीवर आल्या तर एकमेकींना बहकवत, म्हणून प्रत्येकाने वेगळा स्फटिक लावायचा आणि अँटेनाला रंगीत फडकं बांधायचं. नव्या रेडिओत रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची खूण ओळखतो. पुतण्याने मुंबईहून तसला एक मागवला. मोटरीचा वेग बदलणारा जुना, पट्ट्यांवरून सरकणारा भाग काढून इलेक्ट्रॉनिक बसवला. गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं झालं होतं, ते खरवडून नवं भरलं. टायरांना भेगा पडल्या होत्या, त्यांना इलाज नव्हता. सर्व्हो त्या रिकाम्या जागेत अगदी बेताने बसला.

भात झोडून झालेलं, खळं मोकळं. ट्रान्समीटर भाईंच्या हातात दिला. त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं, गाडी डावीकडे वळून पेंढ्याच्या उडवीत घुसली. पुन्हा उजवीकडे, पुन्हा गाडी डावीकडे. चोवीस वर्षांपूर्वी उलटलेल्या त्या पानावर याचीच तपासणी होती. पुतण्या म्हणाला, ‘बाबा, द्या इकडे, उलटं झालंय, एक बटण सरकवलं की सरळ होईल.’

‘राहू दे,’ भाई म्हणाले, ‘मला जमायला लागलंय.’ आणि उजवीकडे फिरवत फिरवत त्यांनी ती डावीकडच्या विहिरीला वळसा घालून परत आणली.