मुळाशी बसलेला वैरी

दिवाळीच्या चिवड्याला फोडणी देताना हिरव्या मिरचीचे तुकडे तेलात पडले, की घरभर ठसका उठतो. मुंबईच्या बाजारात ज्या गावांच्या मिरचीला मान आहे, त्यांत पश्चिम रेल्वेवरील बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधल्या वाणगावचे नाव घ्यावे लागते. ही मिरची मूळची इथली नव्हे. ती अमेरिकेतली; पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जवळचाच तारापूरचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांचा अंमल उठला. मिरची मात्र राहिली, आणि इतकी राहिली की ती परकी होती हे आज सांगूनही पटत नाही.

या मिरचीला एक वैरी आहे. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला खलनायक पहिल्याच प्रकरणात आणण्याची घाई असते. निसर्गाला तशी घाई नसते. झाडाला पाणी आहे, खत आहे, तरी ते वाढत नाही. पाने पिवळी पडतात, दुपारी माना टाकतात. शेतकरी आभाळाकडे पाहतो, पानामागे कीड शोधतो. शेवटी एखादे झाड उपटतो, तेव्हा मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात. कडधान्यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपकारक असतात आणि बोटाने चोळल्या तर सुटतात. या सुटत नाहीत, कारण इथे मूळच सुजलेले असते.

सुजेच्या आत बसलेला असतो तो सूत्रकृमी. त्याचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, साध्या डोळ्यांना न दिसणारे. ते मुळात शिरते, आपल्याभोवतीच्या पेशी फुगवून घेते आणि तिथेच बसून झाडाचा रस पिते. त्यांतली मादी नासपतीसारखी फुगते व चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार मातीत महिनाभरात नवी पिढी तयार होते. भाडे न देता घरात राहून वर गोतावळा वाढवणाऱ्या पोटभाडेकऱ्याचीच ही जात!

माणसाला या वैऱ्याची ओळख उशिरा पटली. १७४३ साली नीडहॅम नावाच्या इंग्रज धर्मगुरूने गव्हाचा काळा पडलेला दाणा फोडून त्यावर पाणी घातले, तर आतले वाळके तंतू वळवळू लागले. पुढे १८५५ साली बर्कले या दुसऱ्या धर्मगुरूने काचघरातील काकडीच्या मुळांवरच्या गाठींचे कारण हेच कृमी असल्याचे दाखवले. आपल्या देशात १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेतील देवाला येथे चहाच्या मुळांवर ते पाहिले.

ओळख पटल्यावर माणूस विषाकडे धावला. १९४३ साली हवाईमधील अननसाच्या मळ्यांत जमिनीत सोडायचे एक वायुरूप होणारे विष गुणकारी ठरले. १९५५ च्या सुमारास नेमॅगॉन या नावाने आणखी एक औषध बाजारात आले. कृमी मरत, पीक तरारत असे. पण १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे, जिथे ते बनत असे त्या कारखान्यात, आपल्याला मुले का होत नाहीत, असे कामगार एकमेकांना विचारू लागले. तपासणी झाली आणि विषाने त्यांची अपत्यप्राप्तीची शक्तीच हिरावल्याचे उघड झाले. पुढे तेच विष तिथल्या विहिरींच्या पाण्यात सापडले. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतल्या मजुरांनीही हे दुःख भोगले. १९७९ साली अमेरिकेने त्याचा बहुतेक सर्व वापर बंद केला. आपल्याकडे १९८९ साली बंदी आली.

हा इतिहास मला वाणगावशी जोडावासा वाटतो तो एवढ्यासाठी, की मिरची हाताने खुडावी लागते. ते हात बहुतांशी आमच्या आदिवासी भगिनींचे असतात. जे मातीत सोडाल ते त्यांच्या नखांत जाते आणि उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यातही उतरू शकते.

आता समुद्राकडे वळू. वाणगावच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर चिंचणीचा किनारा आहे. भरती ओसरल्यावर समुद्र काय काय टाकून जातो, त्यांत शेवाळही असते. पाय घसरेल म्हणून आपण ते चुकवून चालतो. जगात इतरत्र मात्र त्याला मोल आले. आयर्लंडजवळच्या आरन बेटांवर तर उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळ पसरून लोकांनी माती बनवली आणि तिच्यात बटाटे पिकवले. विसाव्या शतकात शेवाळाचा अर्क काढून पाण्यातून देण्याची रीत निघाली.

हा अर्क आणि मुळांवरच्या गाठी यांचा संबंध १९८३ साली दक्षिण आफ्रिकेतील फेदरस्टनबी-स्मिथ नव्हे, फीटनबी-स्मिथ आणि व्हान स्टाडेन यांनी टोमॅटोवर तपासला. पाचशे भाग पाण्यात एक भाग अर्क दिला, तेव्हा मुळे जोमाने वाढली आणि गाठीही कमी झाल्या. पुढे १९९० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांना दुसऱ्या एका शेवाळाच्या अर्काने टोमॅटोच्या मुळांत शिरणारी पिल्ले आणि त्यांनी पुढे घातलेली अंडी कमी झालेली आढळली. अर्कातील बीटेन नावाच्या द्रव्यांकडे त्यांनी बोट दाखवले.

आपणही मागे नाही. भावनगरला १९५४ साली सुरू झालेल्या मीठ व सागरी रसायनांच्या केंद्रीय संशोधनसंस्थेने कप्पाफायकस हे शेवाळ ताजे पिळून त्याचा रस पिकांना देण्याची युक्ती काढली. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवतात.

पण मास्तरच्या सवयीप्रमाणे एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवतो: शेवाळाचा अर्क हा मारेकरी नव्हे. तो झाडाचा पाठीराखा आहे. सरकारनेही २०२१ साली खतांच्या नियमांत त्याला जागा दिली ती जैव-उत्तेजक म्हणून, कीटकनाशक म्हणून नव्हे. प्रयोगांतले बरेचसे यश कुंडीतले आहे; कुंडी आणि शेत यांत अंतर असते. तेव्हा बाटली दाखवून ‘एका फवाऱ्यात कृमी खलास’ म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

त्याच्या जोडीला जुनी माणसे जे करत तेच हवे. भाताचे शेत पावसाळाभर पाण्याखाली राहिले, की हे कृमी घटतात. उलट शेडनेटखाली वर्षानुवर्षे त्याच मातीत ढोबळी मिरची घेतली, तर त्यांची वस्ती वाढत जाते. म्हणून पीक बदलावे, निंबोळी पेंड घालावी, रोप निरोगी मातीतले घ्यावे. झेंडू तर दारच्या तोरणासाठी लावतोच. त्याची मुळेही या कृमींना भारी पडतात. एवढे केल्यावर शेवाळाचा अर्क द्यावा.

वैऱ्याचा समूळ नाश करण्याच्या हट्टापायी माणसाने स्वतःच्याच वंशाच्या मुळावर घाव घातल्याची कथा वर सांगितली. मूळ बळकट करावे, म्हणजे वैरी असूनही झाड उभे राहते, हा दुसरा मार्ग संथ आहे. पण त्या मार्गाने पिकलेली मिरची खुडणारीच्या ओटीत निर्धास्तपणे पडेल, आणि तिच्या घरच्या विहिरीचे पाणी तिची लेकरे पिऊ शकतील. लक्ष्मीपूजनाला यापेक्षा निराळे काय मागायचे असते?