नऊ दिवसांच्या राणीची बदलती कथा

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या इतिहासात लेडी जेन ग्रेच्या वाट्याला जुलै १५५३ मधील जेमतेम नऊ दिवसांचे राणीपद आले आणि पुढील सात महिन्यांत तिचा शिरच्छेदही झाला; तरीही तिची कथा प्रत्येक पिढीने आपापल्या गरजेनुसार नव्याने सांगितली आहे. २७ जून २०२४ रोजी प्राइम व्हिडिओवर आलेली ‘माय लेडी जेन’ ही आठ भागांची विनोदी अद्भुतरम्य मालिका हे त्याचे सर्वांत धीट उदाहरण होय. सिंथिया हँड, ब्रोडी अ‍ॅश्टन आणि जोडी मेडोज या तीन लेखिकांनी मिळून लिहिलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. या मालिकेतील इंग्लंडमध्ये दोन प्रकारची माणसे राहतात : मनुष्यरूपातून प्राण्याचे रूप घेऊ शकणारे ‘ईथियन’ आणि तशी शक्ती नसलेले ‘व्हेरिटी’. राज्याचा कायदा ईथियनांच्या विरोधात आहे, जेनचा नवरा गिल्फर्ड घोडा होतो आणि ज्या सहाव्या एडवर्डच्या मृत्यूने प्रत्यक्षातील संकट ओढवले, तो येथे मरतच नाही. या कल्पनेने इतिहासातले काय राखले आणि काय सोडले, हे पाहण्यासाठी आधी मूळ प्रकरण समजून घेणे आवश्यक ठरते.

त्या प्रकरणाच्या मुळाशी वारसाहक्काचा प्रश्न होता. आठव्या हेन्रीने आपल्या मेरी आणि एलिझाबेथ या दोन्ही मुलींना कायद्याने अनौरस ठरवले होते. पुढे संसदेच्या कायद्याने त्यांना उत्तराधिकाराच्या क्रमात पुन्हा स्थान मिळाले, तरी अनौरसपणाचा शिक्का पुसला गेला नाही. १५४७ मध्ये नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत इंग्लंडचा धर्म झपाट्याने प्रॉटेस्टंट झाला, म्हणजे पोपची सत्ता नाकारून बायबल आणि श्रद्धा यांनाच प्रमाण मानणाऱ्या सुधारणावादी ख्रिस्ती पंथाकडे वळला. मेरी मात्र कट्टर कॅथलिक राहिली. १५५३ मध्ये पंधरा वर्षांचा एडवर्ड फुफ्फुसाच्या आजाराने खंगत असताना त्याने स्वतःच्या हाताने उत्तराधिकाराचा एक आराखडा लिहिला. आरंभी त्यात ‘लेडी जेनचे पुरुष वारस’ अशा अर्थाचे शब्द होते. परंतु असा वारस अद्याप जन्मलेलाच नसल्याने त्या ओळीत दोन लहान शब्दांची भर पडली आणि तिचा अर्थ ‘लेडी जेन आणि तिचे पुरुष वारस’ असा झाला. हा कागद आजही लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या जुन्या संस्थेत जतन केलेला आहे. एका किशोरवयीन मुलीचे आयुष्य त्या दोन शब्दांनी ठरवले, ही गोष्ट कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक हादरवणारी आहे.

जेन ही हेन्रीच्या धाकट्या बहिणीची नात. तिची आई फ्रान्सिस हयात असताना आणि तिचा दावा अधिक जवळचा असतानाही तो वगळून मुलीला पुढे करण्यात आले. राज्यकारभाराची सूत्रे हाती असलेला नॉर्थंबरलंडचा ड्यूक जॉन डडली याने त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपला मुलगा गिल्फर्ड याचा विवाह जेनशी लावून दिला होता. ६ जुलै रोजी एडवर्ड मरण पावला आणि १० जुलै रोजी जेनला राणी म्हणून घोषित करून टॉवर ऑफ लंडनमध्ये आणण्यात आले. तेथे ‘जेन द क्वीन’ अशी सही करून तिने काढलेले आदेश आजही उपलब्ध आहेत. नंतर तिने मेरीला दिले असे सांगितले जाणारे एक निवेदन इटालियन ग्रंथांतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्यानुसार गिल्फर्डला राजा करण्याची मागणी तिने फेटाळली आणि फार तर त्याला ड्यूक करण्याची तयारी दाखवली. तिकडे पूर्व इंग्लंडमध्ये मेरीभोवती सैन्य जमत होते, तिला पकडायला निघालेल्या नॉर्थंबरलंडच्या मागे राजधानीतील मंत्रिमंडळ फिरले आणि १९ जुलै रोजी मेरीच्या नावाची द्वाही फिरली. नॉर्थंबरलंडला ऑगस्टमध्ये मृत्युदंड मिळाला. जेनलाही नोव्हेंबरमध्ये दोषी ठरवण्यात आले, तरी तिला लगेच मारण्याची मेरीची इच्छा नव्हती.

हे चित्र १५५४ च्या आरंभी पालटले. मेरीचा विवाह स्पेनच्या राजपुत्राशी ठरल्याने भडकलेल्या सर टॉमस वायटच्या बंडात जेनचे वडीलही सामील झाले आणि कैदेतील मुलगी जिवंत ठेवणे सिंहासनासाठी धोक्याचे मानले जाऊ लागले. जेनला कॅथलिक पंथाकडे वळवण्यासाठी मेरीने जॉन फेकनहॅम या विद्वान कॅथलिक धर्मगुरूला तिच्याकडे पाठवले. शिक्षेची तारीख तीन दिवस पुढे गेली, आणि भाकर व द्राक्षारस यांत ख्रिस्त प्रत्यक्ष उतरतो का, या त्या काळी जीवनमरणाच्या ठरलेल्या प्रश्नावर दोघांत वाद झाला. जेन आपल्या मतापासून तसूभरही ढळली नाही. १२ फेब्रुवारी १५५४ रोजी गिल्फर्डला टॉवरबाहेरील टेकडीवर आणि तिला टॉवरच्या आवारात मारण्यात आले.

पुढील पिढ्यांनी या साऱ्यातून जे निवडले, ते पाहण्यासारखे आहे. जॉन फॉक्स याने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रॉटेस्टंट हुतात्म्यांच्या प्रचंड ग्रंथात तिला मानाचे स्थान दिले. रॉजर अ‍ॅस्कम या अध्यापकाने १५५० च्या सुमारास लेस्टरशायरमधील ब्रॅडगेट येथे प्लेटोचा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये वाचत बसलेल्या जेनचे वर्णन केले, पण ते त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात आले. मारझोडीपेक्षा मायेने शिकवावे हे सिद्ध करण्याचा त्या ग्रंथाचा हेतू होता. त्या वर्णनातला जेनचे कडक आईबाप आणि सौम्य गुरू यांच्यातला ठसठशीत विरोध या हेतूची जाणीव ठेवूनच वाचायला हवा. १८३३ मध्ये फ्रेंच चित्रकार पॉल डेलारोश याने डोळ्यांवर पट्टी बांधलेली, शुभ्र रेशमी वस्त्रातली, हातांनी ओंडका चाचपणारी जेन रंगवली. प्रत्यक्षात शिक्षा उघड्यावर झाली होती, तर चित्रात अंधारी खोली आहे. तरीही लंडनच्या नॅशनल गॅलरीतील या भव्य चित्राने जेनची जी असहाय प्रतिमा रूढ केली, तिच्यापुढे कागदपत्रांचा फारसा टिकाव लागला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड डेव्ही या लेखकाने एका जिनोआवासी व्यापाऱ्याच्या पत्राच्या आधारे राणीच्या टॉवर-प्रवेशाचे बारकाईने वर्णन केले आणि ते पुढे अनेक चरित्रांत उतरले. आता ते पत्र बनावट मानले जाते. तिचे निर्विवाद अस्सल असे एकही चित्र उपलब्ध नसल्याने अशा वर्णनांची भूक मोठी होती.

या परंपरेशेजारी ठेवल्यावर मालिकेचे वेगळेपण जाणवते. फॉक्सला हुतात्मा, अ‍ॅस्कमला आदर्श विद्यार्थिनी आणि डेलारोशला बळी हवा होता. मालिकेतील जेन मात्र बोलते, भांडते, औषधी वनस्पतींचा अभ्यास करते आणि मनाविरुद्धचे लग्न टाळण्यासाठी पळण्याचा प्रयत्न करते. नवऱ्याला मुकुट नाकारणारी आणि झूरिकच्या हाइनरिख बुलिंगर या धर्मसुधारकाला लॅटिनमध्ये पत्रे लिहिणारी तरुणी या जेनपासून फार दूर नाही. मालिका उघडपणे खोटी गोष्ट सांगते, म्हणून ती डेव्हीच्या त्या पत्राइतकी दिशाभूल करत नाही. घोडा झालेला गिल्फर्ड कोणीही इतिहास म्हणून पाठ करणार नाही.

मात्र या कल्पनेने एक गोष्ट हिरावून घेतली आहे, आणि ती गंभीर आहे. ईथियन आणि व्हेरिटी यांच्या वैराने प्रॉटेस्टंट-कॅथलिक संघर्षाची जागा घेतल्यामुळे छळाची कल्पना टिकते, पण श्रद्धा उरत नाही. प्राण्याचे रूप जन्मजात लाभते. मत स्वतः विचार करून धरावे लागते आणि सोडताही येते. खऱ्या जेनने ते सोडण्याची संधी समोर असताना नाकारली, बहीण कॅथरिन हिला ग्रीक भाषेतील नव्या कराराच्या प्रतीत शेवटचा उपदेश लिहिला आणि आज ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या छोट्या प्रार्थनापुस्तकात वडिलांना धीर देणारा मजकूर लिहिला. मालिकेच्या अखेरच्या भागात जेन आणि गिल्फर्ड मृत्यूच्या तावडीतून निसटतात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील पर्व रद्द झाल्याने कथा तेथेच थांबते. ही सुटका मनाला सुखावते यात शंका नाही. पण तीन दिवसांच्या मुदतीत फेकनहॅमसमोर बसून स्वतःच्या मतावर ठाम राहिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला त्या कथेत जागा नाही, कारण तिने काय मानले हा प्रश्नच तेथे विचारला गेलेला नाही.