पुरुषांना न होणारा आजार

‘मुलगा असून रडतोस काय?’ हे वाक्य वर्गात नाही तर घरात आपण सर्वांनीच ऐकलेले असते. रडायचे बाईने आणि दुःख गिळायचे पुरुषाने, ही वाटणी किती जुनी असावी? वैद्यकात तर ती एका शब्दातच दडलेली होती. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. ज्याला गर्भाशयच नाही त्याला हिस्टेरिया होणार कसा?

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ शार्को याने १८८० च्या दशकात हिस्टेरिया झालेल्या पुरुषांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत चांगले धट्टेकट्टे कामगार होते. अपघातानंतर कुणाचा हात लुळा पडलेला, पण मज्जातंतूंना इजा मात्र सापडत नाही. शार्कोकडे शिकून आलेल्या फ्रॉइडने १८८६ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढे हा विषय मांडला, तेव्हा एका वृद्ध शल्यवैद्याने त्याला शब्दाची व्युत्पत्तीच ऐकवली, असे त्याने पुढे लिहिले आहे. रोगी तपासायचा सोडून शब्दकोश उघडायचा, असा हा प्रकार!

मग १९१४ साली महायुद्ध पेटले. खंदकांतून असे सैनिक परत येऊ लागले की ज्यांच्या अंगावर जखम नव्हती, पण वाचा गेली होती, दिसेनासे झाले होते किंवा पाय चालत नव्हते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा तीन रुग्णांची हकिगत छापली आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था बिघडते, अशी समजूत त्यामागे होती. लवकरच गोळ्याच्या जवळपासही न गेलेले रुग्ण दिसू लागले. तरी नाव टिकून राहिले. त्याचे कारण उघड आहे. हिस्टेरिया म्हटले की बाईपणा आला, शॉक म्हटले की मर्दपणा शाबूत!

ब्रिटिश सैन्यात अशा सुमारे ८०,००० रुग्णांची नोंद झाली. पण सर्वांचे दुखणे सारखे नव्हते. शिपायांची वाचा जाई, हातपाय लुळे पडत. अधिकाऱ्यांना भयस्वप्ने आणि सततची धास्ती. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स यांच्या मते याचे एक कारण शाळेत होते. भीती दाखवणे ही लाजेची गोष्ट, हे हे अधिकारी ज्या बड्या शाळांत शिकले तिथेच त्यांच्या मनावर ठसवले गेले होते.

रिव्हर्स यांनी १९१७ मधील एका व्याख्यानात सांगितलेला एक रुग्ण शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. या अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शव सापडले होते. तेच दृश्य रोज स्वप्नात येई. इतरांचा सल्ला एकच, ‘विसरून जा.’ तो दिवसभर आठवण दडपून ठेवी आणि रात्री ती दुप्पट जोराने उसळे. रिव्हर्स यांनी उलटे केले. ते दृश्य त्याला आठवू दिले, आणि शरीराची ती दशा म्हणजेच मित्राला क्षणात, यातनेविना मरण आल्याचा पुरावा आहे हे दाखवून दिले. काही रात्री स्वप्न आलेच नाही. मग आले, पण त्यात भीती नव्हती, दुःख होते. पुढच्या एका स्वप्नात तो मित्राशी बोललासुद्धा.

सगळ्यांना रिव्हर्स भेटले नाहीत. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली मरणोत्तर माफी मिळाली. त्यांतले काही आज रुग्णच ठरले असते.

यावरून बायकांना मन मोकळे करण्याची मुभा होती आणि त्या सुखी होत्या, असे मात्र कुणी समजू नये. त्यांनी तक्रार केली तर तिलाच हिस्टेरिया म्हणत. पुरुषाला बोलता येत नव्हते, बाईचे बोलणे हिशेबात धरले जात नव्हते.

१९९८ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधी तुलना केली. ‘तुम्ही एकंदरीत किती भावनाशील आहात?’ अशा धर्तीवर विचारले तेव्हा स्त्रियांनी स्वतःला पुरुषांपेक्षा अधिक भावनाशील ठरवले. पण रोजच्या भेटीगाठींनंतर त्या-त्या वेळी काय वाटले याची लगेच नोंद करायला लावली, तेव्हा हा फरक दिसेना.