११९ म्हणजे पास की नापास?

परवा रात्री इंग्लंडमधल्या एका मित्राचा मेसेज आला. "लेकीला ११९ मिळाले. कट-ऑफ १२१. नापास झाली रे." आणि दोन मिनिटांनी दुसरा, "पण मला एक सांग, हे ११९ नक्की कशापैकी?"

मला आधी वाटलं, असतील दीडशेपैकी वगैरे. पण ते तसं नाहीच! मग काय, शनिवार-रविवार ह्याच वाचनात गेला. वाचताना कळलं की ह्या एका आकड्याच्या मागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्यासारख्या कट-ऑफ लिस्ट बघत मोठ्या झालेल्या लोकांनी वाचण्यासारखा आहे.

तर ही परीक्षा म्हणजे 'इलेव्हन प्लस'. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी द्यायची. निघाली तर ग्रामर स्कूलचा रस्ता उघडतो. ग्रामर स्कूल म्हणजे सरकारी, बिनफीची, पण मुलं परीक्षेने निवडून घेणारी माध्यमिक शाळा. आज इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा उरल्या आहेत.

सुरुवात तशी चांगल्या हेतूने झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे माध्यमिक शाळेला फी होती, म्हणजे गरिबाच्या पोराचा प्रश्न तिथेच मिटला. १९०७ मध्ये सरकारने नियम केला की अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी साधारण एक चतुर्थांश जागा प्राथमिक शाळेतल्या मुलांना फुकट द्यायच्या. जागा थोड्या, इच्छुक फार. मग निवडायचं कसं? परीक्षा!

इथे गॉडफ्री थॉमसन नावाचे प्राध्यापक येतात. १९२० च्या सुमारास नॉर्थम्बरलँड परगण्यात असं दिसलं की खेड्यातल्या कितीतरी शाळांमधून ह्या फुकट जागांसाठी कुणी बसतच नाही. तिथे हुशार मुलं नसतील? थॉमसन यांचं म्हणणं होतं की मुलं आहेत, आपल्या परीक्षेला ती दिसत नाहीत. ती परीक्षा मास्तरांनी काय शिकवलं हे मोजत होती. म्हणून त्यांनी शिकवण्यावर कमी अवलंबून असलेली बुद्धिचाचणी तयार केली. १९२५ मध्ये ते एडिंबरोला गेले आणि तिथल्या 'मोरे हाउस' चाचण्या पुढे अनेक दशकं इंग्लंडभर वापरल्या गेल्या. म्हणजे जी परीक्षा आज शिकवणीवाल्यांची खाण झाली आहे, ती मुळात शिकवणी न मिळालेल्या मुलांना शोधायला निघाली होती. आहे की नाही गंमत!

आता ते ११९. ह्या चाचण्यांमध्ये किती प्रश्न बरोबर आले हा आकडा थेट देत नाहीत. सगळ्या मुलांचे गुण एका पट्टीवर बसवतात, सहसा सरासरी १०० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १५. म्हणजे ११९ हे कशा'पैकी' नसतातच. तुम्ही इतरांच्या तुलनेत रांगेत कुठे उभे आहात, एवढंच ते सांगतात. शिवाय वयाचा हिशोब असतो. एकाच इयत्तेत सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल आणि पुढच्या ऑगस्टमधलं मूल ह्यांच्यात जवळजवळ एक वर्षाचं अंतर. दहाव्या वर्षी हे अंतर फार मोठं, म्हणून लहान मुलाला तेवढ्याच बरोबर उत्तरांना थोडे जास्त गुण पडतात. इथवर सगळं शहाणपणाचं आहे.

घोळ पुढे झाला. १९४४ च्या बटलर कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांची फी रद्द केली. त्या कायद्यात इलेव्हन प्लसचा उल्लेखही नाही! पण त्याच्या आदल्याच वर्षी नॉरवूड समितीने सांगितलं होतं की मुलं तीन प्रकारची असतात: पुस्तकी, तांत्रिक आणि उरलेली. मग शाळाही तीन प्रकारच्या. तांत्रिक शाळा फारशा निघाल्याच नाहीत. राहिल्या दोन, ग्रामर आणि सेकंडरी मॉडर्न. देशभरात साधारण पाचातलं किंवा चारातलं एक मूल ग्रामरला, बाकी सगळी मॉडर्नला. मॉडर्नमधली बहुतेक मुलं पंधराव्या वर्षी, कुठलीही मोठी परीक्षा न देता शाळा सोडायची. म्हणजे अकराव्या वर्षाची एक सकाळ, आणि पुढचं आयुष्य!

आणि कट-ऑफ कशावरून ठरायचा? मुलाच्या लायकीवरून? छे. त्या भागात ग्रामरची बाकं किती, त्यावरून. कुठे दहा टक्क्यांच्या आसपास मुलांना जागा होती, तर वेल्सच्या काही भागात चाळीस टक्क्यांहून जास्त. मी सहज हिशोब करून पाहिला. वरचीच पट्टी धरली, तर दहा टक्के जागा असतील तिथे कट-ऑफ येतो ११९, वीस टक्क्यांना ११३ आणि चाळीस टक्क्यांना फक्त १०४. म्हणजे ११० वाला मुलगा एका गावात 'हुशार' आणि दुसऱ्या गावात 'नापास'. मुलगा तोच, मेंदू तोच!

मुलींचं तर आणखी वेगळं. अकराव्या वर्षी मुली ह्या चाचण्यांत सरासरीने पुढे असायच्या. मग जागा सारख्या वाटायच्या म्हणून अनेक ठिकाणी मुलामुलींच्या याद्या वेगळ्या लावल्या जायच्या आणि मुलींचा कट-ऑफ वर जायचा. बर्मिंगहॅममध्ये ग्रामरच्या जागाच मुलांना सुमारे ५४० आणि मुलींना ३६० होत्या. हे प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि हा बेकायदा भेदभाव आहे असा निकाल लागला. कधी? १९८९ मध्ये.

बरं, ह्या सगळ्यातला मोजमापाचा मुद्दा माझ्या धंद्याचा, म्हणून जरा थांबतो. कुठलीही चाचणी थोडी हलतेच. समजा तिची रिलायबिलिटी ०.९ आहे (म्हणजे चांगलीच). तरी एका मुलाच्या गुणात साधारण ४.७ ची चूक गृहीत धरावी लागते. तीच मुलगी पुढच्या मंगळवारी बसली तर ११५ ही येतील, १२३ ही येतील. १९५७ मध्ये येट्स आणि पिजन ह्या संशोधकांनी दाखवलं की उत्तमातली उत्तम पद्धत वापरली तरी साधारण दहा टक्के मुलं चुकीच्या शाळेत जाणार. आणि तोवर फिलिप व्हर्नन यांच्यासारख्यांनी हेही दाखवलं होतं की सराव आणि शिकवणीने गुण वाढतात. थॉमसन यांच्या मूळ कल्पनेलाच तडा गेला.

पुढे १९६५ मध्ये सरकारने पत्रक काढून सगळ्यांसाठी एकच प्रकारची शाळा करा असं सांगितलं आणि बहुतेक ठिकाणी इलेव्हन प्लस गेली. केंट, बकिंगहॅमशायर, लिंकनशायर अशा काही भागात राहिली. १९९८ च्या कायद्याने नवीन ग्रामर शाळांना बंदी केली, जुन्या चालू राहिल्या. आता तर नुसते कट-ऑफपेक्षा जास्त गुण असूनही भागत नाही. शाळेत अर्ज जास्त असतील तर घर किती लांब, भाऊ-बहीण तिथे आहे का, घरची परिस्थिती काय, हे बघतात. काही शाळा सरळ वरून गुणानुक्रमे घेतात. म्हणजे 'पात्र' आणि 'प्रवेश' ह्या दोन वेगळ्या गोष्टी.

हे सगळं मी मित्राला लांबलचक मेलमध्ये लिहिलं. शाळांच्या पसंतीचा फॉर्म ३१ ऑक्टोबरच्या आत भर आणि घराजवळची साधी शाळा नीट बघून ये, हेही लिहिलं. अपील करता येतं, पण दोन गुणांसाठी घर डोक्यावर घेऊ नकोस म्हटलं.

त्याचं उत्तर आलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण ती परवापासून म्हणतेय की मी ढ आहे. तिला काय सांगू?"

ह्यावर मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आपल्याकडेही चौथीची स्कॉलरशिप हुकली की घरात असंच सुतक असायचं, ते आठवलं. मग लिहिलं: तिला तिचा आकडा सांग, कट-ऑफ सांग, आणि बाकं किती होती नि बसलेली मुलं किती, तेही सांग. दहा वर्षांच्या पोरीला भागाकार येतो.